आतली बाजू

एका गावात एक घर होतं. घर मोठं नव्हतं, पण स्वयंपाकघरातली मांडणी भरलेली असायची. खालच्या फळीवर हंडे आणि घागरी, मधल्या फळीवर परात, तपेली, कासंड्या, वरच्या फळीवर तांबे, फुलपात्रं, वाट्या. सगळं तांब्यापितळेचं. 1972च्या दुष्काळात त्यातलं निम्मं मोडीत गेलं. पावसाने दगा दिला, ज्वारी घरात उरली नाही आणि तालुक्याच्या दुकानात भांडं तोलून रोख पैसे मिळत होते. मोठे हंडे गेले, बंब गेला, घागरी गेल्या. मोठ्या भांड्यांपैकी एक पातेलं तेवढं घरधनिणीने पोत्याखाली झाकून ठेवलं आणि ते राहिलं.

पातेलं पितळेचं होतं. चाळीस माणसांची आमटी त्यात सहज व्हायची. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. घरातल्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून हे पातेलं त्यांच्याबरोबर आलं होतं. कासाराने टोकदार लोखंड धरून एकेक ठिपका ठोकला होता आणि त्या ठिपक्यांतून त्यांचं नाव आणि पुढे शके 1851 अशी अक्षरं उठवली होती. त्यांना वाचता येत नव्हतं. पण अंधारातसुद्धा बोट फिरवून आपलं भांडं कोणतं ते त्या सांगायच्या.

पातेलं चुलीवर चढवण्याआधी सासूबाई त्याच्या बुडाला ओल्या राखेचा लेप द्यायच्या. स्वयंपाक झाला, भांडं निवलं, की लेपाबरोबर काजळीही निघून यायची. आतून त्या पाणी घालून ठेवायच्या आणि मग नारळाचा चोथा हलक्या हाताने फिरवायच्या. कितीही करपलं असलं तरी हात जोरात चालायचा नाही. ते पाहून कुणालाही वाटावं की या बाईला भांडी घासायचा कंटाळा आहे.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली आणि घरात सून आली. ती तालुक्याच्या गावची. तिच्या माहेरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली होती, स्टीलची ताटं नवीनच घेतलेली होती, आणि स्वयंपाक स्टोव्हवर व्हायचा. मुलगी कामसू होती. तिला स्वच्छतेची मनापासून आवड होती. ओटा पुसला की फडकं धुवायची, फडकं धुतलं की बादली धुवायची.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई तिला म्हणाल्या, “या पातेल्याला आतून नुसता चोथा फिरवायचा. घासायचं नाही.”

एवढंच बोलल्या आणि कामाला लागल्या. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. का घासायचं नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुनेने विचारलं नाही. तिला वाटलं, आपल्या हातावर यांचा भरवसा नाही. नव्या सुनेला असं वाटायला फार काही लागत नाही.

श्रावणात सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, “गौरी माझ्यावाचून बसतील. तूच कर सगळं. अडलं तर शेजारच्या काकींना विचार.”

सुनेने मनावर घेतलं. पहिल्या गौरी आपल्या हातच्या, तर त्या अशा व्हायला हव्यात की गावाने नाव काढावं. तिने मांडणीकडे पाहिलं. तांबे काळवंडले होते, समईच्या खाचांत तेलाचा चिकटा बसला होता, परातीवर पाण्याचे डाग होते. पावसाळी हवेत तांबं-पितळ लवकर काळं पडतं. त्यात कुणाच्या आळसाचा दोष नसतो. पण तिला ते सगळं आळसाचंच वाटलं. तिने चिंच भिजत घातली.

एका दुपारी ती अंगणात बसली. जवळ चिंचेचा कोळ, जाडं मीठ, विटकरीची वस्त्रगाळ भुकटी आणि काथ्याचा बोळा. आधी तिने तांब्या घेतला. कोळात बोट बुडवून तिने त्याच्या पोटावरून एक रेघ ओढली. रेघेखालचा काळेपणा तिच्या डोळ्यांदेखत विरला आणि गुलाबी तांबं दिसू लागलं, नुकतंच घडवल्यासारखं. तिने मीठ लावून सगळा तांब्या चोळला. आंबट आणि मीठ मिळून वरचा काळा थर तेवढा सोडवतात. खालच्या धातूला थोड्या वेळात फार काही होत नाही. तिला हे कारण माहीत नव्हतं, पण गुण मात्र लगेच कळला.

मग तिचा हात थांबेना. समई रांगोळीने घासली, निरांजनं लिंबाच्या सालीने पुसली. काही गोष्टी ती चुकत चुकत शिकली. एक पितळी हंडा फार काळा होता, म्हणून तिने त्याला रात्रभर कोळ माखून ठेवला. सकाळी पाहते तो पिवळ्या पितळेवर लालसर चट्टे उठलेले. पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबट फार वेळ बसलं की ते जस्त खातं आणि वर तांबं उघडं पडतं. ते चट्टे सहजासहजी पुन्हा पिवळे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी परात धुतली आणि ओलीच उभी करून ठेवली. संध्याकाळी तिच्या कडेला हिरवे ठिपके दिसले. तेव्हापासून ती भांडं घासलं की दोन पाण्यांनी धुवायची, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची आणि घटकाभर उन्हात ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची नजर चांगली होती.

शेवटी मोठं पातेलं राहिलं.

बाहेरून ते घासायला फार वेळ लागला. गळ्याशी अक्षरांच्या ठिपक्यांत काळं साचलं होतं. ते निघावं म्हणून तिने विटकरीची भुकटी घेतली आणि नेटाने घासलं. काळं निघालं. ठिपक्यांच्या कडाही थोड्या झिजल्या, पण लखलखाटात ते तिच्या ध्यानात आलं नाही. मग तिने आत पाहिलं. बाहेर सोन्यासारखं पिवळं आणि आत मात्र फिकट, राखाडी, कुठे काळपट. जणू जुना चिकटा वर्षानुवर्षं बसलेला. सासूबाईंचं बोलणं तिला आठवलं. ती क्षणभर थांबली. मग तिला वाटलं, त्यांचे हात थकले असतील, आपले थोडेच थकलेत.

तिने बोळ्याला भुकटी लावली आणि घासायला सुरुवात केली. आधी काहीच निघेना. मग बुडाशी एक पिवळा ठिपका दिसला. तो रुपयाएवढा झाला, मग भाकरीएवढा. खांदा भरून आला तरी ती थांबली नाही. दिवेलागणीला पातेलं आतून बाहेरून सारखं पिवळं झालं होतं. तिला माहेरची आठवण झाली नाही, असा तो पहिला दिवस होता.

गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी पहाटेपासून चूल पेटली. पुरण शिजलं, भाज्या चिरल्या, अळूचं देठ सोललं. गौरींना आंबील लागते. तिने ज्वारीचं पीठ ताकात कालवलं, लखलखत्या पातेल्यात आंबील शिजवली आणि झाकून ठेवली. नैवेद्याला अजून बराच वेळ होता. सवाष्णी यायच्या होत्या, पानं मांडायची होती.

दुपारी शेजारच्या काकी वाढायला मदतीला आल्या. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि ओगराळं बुडवायच्या आधीच हात मागे घेतला. आंबिलीच्या कडेने, जिथे ती पितळेला टेकली होती तिथे, हिरवट कड धरली होती. काकींनी नाक जवळ नेलं.

“अगं, आंबील कळकली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ही कुणाला वाढायची नाही. देवीलाही नाही.”

सुनेला कळेना. ताक ताजं होतं, पीठ ताजं होतं, भांडं तर कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं.

काकींनी पातेल्याची आतली कड बोटाने पुसली. “कल्हई कुठे गेली याची?”

“कल्हई म्हणजे?” तिने विचारलं.

काकी काही बोलल्या नाहीत. पाहुणे दारात आले होते. दोघींनी पातेलं मागच्या परसात नेलं आणि खड्डा करून त्यात आंबील ओतली, जनावरांच्याही तोंडी लागू नये म्हणून. त्या वर्षी नैवेद्याच्या पानात आंबिलीची जागा रिकामी राहिली. कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं, असं तिला वाटलं.

रात्री काकींनी तिला समजावलं. तांब्यापितळेला आंबट चालत नाही. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो, काहीही त्यात ठेवलं की ते तांबं खातं, हिरवं होतं आणि पोटात गेलं की माणूस ओकून बेजार होतो. म्हणून आतून कथलाचा हात देतात. तीच कल्हई. आतला तो पांढुरका रंग मळाचा नव्हता. तो कथलाचा होता. पैसे देऊन, विस्तवावर धरून, कुणीतरी तो मुद्दाम लावला होता.

सून काही बोलली नाही. तिने पातेलं धुतलं, पुसलं आणि पोत्यात घालून माळ्यावर ठेवलं. मांडणी तशीच लखलखत राहिली आणि तिला तिच्याकडे बघवेना.

सासूबाई भाद्रपद संपता संपता परत आल्या. मांडणीपुढे उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं. तांब्या हातात घेतला, उलटा केला, ठेवला. मग म्हणाल्या, “मोठं पातेलं?”

सुनेने माळ्यावरून पातेलं काढून दिलं आणि सगळं सांगितलं. चिंचेपासून आंबिलीपर्यंत काही लपवलं नाही. सासूबाईंनी पातेलं मांडीवर घेतलं. गळ्याशी बोट फिरवलं. मागे पुढे, पुन्हा मागे. काही अक्षरं बोटाला लागत होती, काही लागत नव्हती. सुनेला वाटलं, आता बोलतील.

“पाऊस उघडला की कल्हईवाला येईल,” सासूबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नाहीत, याचंच सुनेला जास्त लागलं.

नवरात्राच्या आधी एक कल्हईवाला आला. तरुण होता, सायकलवर भाता बांधलेला. गल्लीत ओरडून त्याने भाव सांगितला. भाव नेहमीपेक्षा बराच कमी होता. बायांनी भराभर भांडी बाहेर काढली. एकीचं तपेलं तर त्याने तिथेच करून दाखवलं. आरशासारखं चमकलं. सून धावत घरात आली. आपल्यामुळे होणारा खर्च निदान कमी तरी होईल, असं तिच्या मनात आलं.

“आत्याबाई, स्वस्तात करून देतोय. आणि चमक बघा किती.”

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी त्या मुलाकडून धातूची कांडी मागून घेतली, कानाशी धरली आणि दोन्ही हातांनी वाकवली. कांडी मुकाट्याने वाकली. त्यांनी ती सरळ केली, पुन्हा वाकवली, आणि त्याला परत दिली.

“उन्हाचा आलायस, चहा घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “आमची भांडी आता करायची नाहीत.”

त्याने चहा घेतला आणि तो गेला. सुनेला काही समजलं नाही, पण या वेळी तिने विचारलं.

“आत्याबाई, का नाही?”

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, “चाचा आले की दाखवते.”

चाचा म्हणजे नेहमीचे कल्हईवाले. ते दसऱ्यानंतर आले. म्हातारे, पाठीत वाकलेले, बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू. दर वर्षी ते याच सुमारास यायचे आणि देवळामागच्या पिंपळाखाली बसायचे. त्यांनी जमिनीत हातभर खड्डा केला, भात्याची नळी त्यात सोडली, वर कोळसे रचले. सासूबाई पातेलं घेऊन गेल्या. सून बरोबर गेली.

चाचांनी पातेल्यात पाहिलं आणि हसले. “माई, हे कुणी केलं? इतकं साफ तर मी पण करीत नाही.”

“आमच्या सूनबाईंनी,” सासूबाई म्हणाल्या. “तिला तुमची कांडी दाखवा.”

चाचांनी पिशवीतून कांडी काढून सुनेच्या हातात दिली. “कानाशी घ्या. वाकवा.”

तिने वाकवली आणि दचकली. कांडीतून बारीक करकर आवाज आला, कोवळी काडी दाताखाली मोडावी तसा. तिने पुन्हा वाकवली. पुन्हा आला.

“हे कथील,” चाचा म्हणाले. “खरं कथील वाकवलं की बोलतं. शिसं बोलत नाही.”

मग भाता चालवता चालवता त्यांनी सांगितलं. कथील महाग. पूर्वी ते मलायातून बोटीने यायचं, अजूनही बाहेरूनच येतं. शिसं स्वस्त. दोन्ही मिसळलं की ते लवकर वितळतं, कोळसा कमी लागतो, बोळा भरभर फिरतो आणि चकाकीही भरपूर येते. घरी नेल्यावर कुणाला काही कळत नाही. पण शिसं विषारी. आंबट आमटीत ते थोडं थोडं उतरतं आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. मुलांना तर ते फारच वाईट. कळकलेली आंबील निदान हिरवी दिसते, माणूस ती ओतून देतो. शिसं दिसतही नाही.

“माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी कांडी वाकवायला दिली,” चाचा म्हणाले. “भाता नंतर दिला.”

नातू पातेल्यात उतरला. पायाखाली रेती आणि फडकं घेऊन, पातेल्याची कड दोन्ही हातांनी धरून तो कमरेपासून डावीकडे उजवीकडे गिरक्या घेऊ लागला. उरलंसुरलं जुनं कथील, तेलकटपणा, सगळं निघावं म्हणून. सुनेने जे हाताने केलं होतं तेच तो पायाने करत होता. ती म्हणाली, “चाचा, मग मी तरी काय वेगळं केलं?”

“तुम्ही घासलंत ते बरोबरच,” चाचा म्हणाले. “घासल्याशिवाय कथील बसत नाही. पण घासून झाल्यावर वर काही लावलं नाहीत. आम्ही काढतो, ते लावायसाठी काढतो.”

पातेलं विस्तवावर चढलं. चाचा चिमट्याने ते फिरवत होते. बेताचं तापल्यावर त्यांनी आत नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर भसकन वर आला आणि नाकाला झोंबला. तापलेल्या धातूवर हवेने धरलेला शेवटचा मळ नवसागर खातो. तो नसेल तर कथील थेंब थेंब होऊन गळून पडतं. मग त्यांनी कांडी टेकवली. तिचं टोक लोण्यासारखं वितळलं आणि त्याच क्षणी कापसाचा बोळा आतून गोल फिरला. बोळ्यामागे रुपेरी पट्टा उमटत गेला. बूड, मग पोट, मग गळा. एक हात पातेलं फिरवत होता, दुसरा बोळा. हे सगळं डोळ्यांची पापणी लवेल न लवेल एवढ्यात होत होतं. कमी तापलं तर कथील पसरत नाही आणि जास्त तापलं तर ते जळून पिवळं पडतं. चाचांकडे उष्णता मोजायचं काही साधन नव्हतं. ते धुराकडे पाहत होते.

शेवटी नातवाने पातेलं पाण्याच्या घमेल्यात सोडलं. चर्र झालं. बाहेर काढलं तेव्हा आतून पातेलं पांढरंशुभ्र होतं.

“सूनबाई, आता ऐका,” चाचा म्हणाले. “रिकामं पातेलं चुलीवर ठेवायचं नाही. कथील फार नाजूक, कढत तेलाहून थोड्या जास्त आचेलाही ते सुटून येतं. आधी पाणी किंवा तेल, मग विस्तव. आत वाळू नाही, राख नाही, तारेची घासणी नाही. महिन्याभरात ही चमक जाईल, पांढरेपणा मळकट होईल. होऊ द्या. मळकट झालं तरी ते तिथं आहे. जेव्हा आत पिवळं दिसू लागेल, तेव्हा मला बोलवा.”

चाचांनी सांगितलेलं कुणी तपासायला गेलं तर ते खरंच निघतं. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं वितळायला 1085 अंश लागतात. म्हणून विस्तवावर धरलेलं भांडं तसंच राहतं आणि कथील त्याच्यावर पाण्यासारखं पसरतं. आणि म्हणूनच रिकामं भांडं चुलीवर विसरलं तर तेच कथील पुन्हा पाण्यासारखं सुटतं.

घरी येताना दोघी शेताच्या बांधावरून चालल्या. पातेलं सुनेच्या डोक्यावर होतं. बरंच अंतर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.”

“तुम्ही सांगितलं होतंत, आत्याबाई. मीच ऐकलं नाही.”

“घासू नकोस एवढंच सांगितलं. का, ते नाही सांगितलं. मला माझ्या सासूनेही नव्हतं सांगितलं. मी भीतीने ऐकलं. तू भ्याली नाहीस.” त्या थोडं थांबल्या. “भिऊ नयेच. पण मग सांगणाऱ्याने कारण सांगावं.”

“तुमचं नाव पण पुसलं माझ्या हातून.”

“अर्धं आहे अजून,” सासूबाई म्हणाल्या. “बोटाला पुरतं.”

घासणारे हात सगळ्याच घरांत असतात, आणि ते चांगलेच असतात. त्या मुलीचे हात आळशी असते तर आंबील कळकली नसती, पण समईही काळीच राहिली असती. तिला फक्त एक गोष्ट कळायची होती: भांड्यावर जे दिसतं त्यातलं काही चिकटलेलं असतं आणि काही लावलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच मळकट. चिकटलेलं काढावंच. लावलेलं काढण्याआधी ते कुणी लावलं, कशासाठी लावलं, हे विचारावं. घरातल्या रिती, जुन्या माणसांचे तुटक शब्द, त्यांची वरवर नीरस वाटणारी सावधगिरी यांनाही हेच लागू आहे. त्यांतलं पुष्कळसं नुसतं चिकटलेलं असतं आणि ते घासून काढायला नव्या माणसाचेच हात लागतात. पण काही थर असा असतो की तो गेला की आंबट आणि तांबं यांच्यामध्ये कुणीच उरत नाही. आणि ज्यांना तो थर ठाऊक आहे ते गप्प राहिले, तर नव्या माणसाने तो ओळखायचा तरी कसा?

पुढच्या गौरींना आंबील त्याच पातेल्यात झाली. शेजारच्या काकींनी झाकण काढून आधी कड पाहिली, मग ओगराळं बुडवलं.

गावात स्टील येत गेलं. दिवाळीच्या आधी मोड घेणारा दुकानदार टेम्पो घेऊन यायचा आणि जुन्या पितळेवर नवे डबे द्यायचा. सुनेने लाल चट्ट्यांचा हंडा आणि फुटक्या बुडाच्या दोन कासंड्या त्याला दिल्या आणि चार डबे घेतले. रोजच्या आमटीला स्टीलचं पातेलं आणलं. त्यात तिला काही वाईट वाटलं नाही. आंबट ठेवायला स्टील सोयीचं होतं आणि कल्हईचा खर्च नव्हता. मोठं पातेलं सणाला निघायचं, आणि वर्षातून एकदा चाचांकडे जायचं. चाचा थकले तेव्हा नातू येऊ लागला. त्याने काम सुरू करण्याआधी ती त्याच्याकडून कांडी मागून घ्यायची. तो ती न मागताच पुढे करायचा.

काही वर्षांनी धाकटी जाऊ आली. तिने पहिल्याच आठवड्यात मांडणीवरून पातेलं काढलं, आत डोकावलं आणि पदर खोचला.

“जाऊबाई, हे आतून फारच मळलंय. आज घासून टाकते.”

“थांब, आधी इकडे ये,” मोठी म्हणाली. तिने पातेलं खिडकीच्या उजेडात धरलं आणि कडेला, जिथे कथील झिजून पितळ नुकतं डोकावत होतं, तिथे धाकटीचं बोट ठेवलं. मग तिने कथलाचं सांगितलं, ताकाचं सांगितलं, शिशाचं सांगितलं. आपण केलेल्या आंबिलीचंही सांगितलं, अगदी परसातल्या खड्ड्यापर्यंत. धाकटी ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, बाहेरून तरी घासू का? मोठीने चिंच आणि मीठ काढून दिलं.

ओसरीवर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं.

“अगं, चिंच रात्रभर ठेवायची नाही म्हणून सांग तिला,” त्या आतल्या बाजूला तोंड करून म्हणाल्या. “आणि का, तेही सांग.”